दीड बादलीचं अंगण

"एवढं सगळं रोज लोटणार कोण, म्हणतो मी?"

सासूबाईंनी हे विचारलं तेव्हा आम्ही सगळे एका कागदावर वाकलो होतो. (आमच्याकडं बायकासुद्धा 'मी जातो, मी म्हणतो' असंच बोलतात. पुण्याची पाहुणी आली की आधी हसते आणि चौथ्या दिवशी स्वतःच 'येतो हं' म्हणून निरोप घेते.) कागद म्हणजे लेकीनं बेंगळूरहून पाठवलेलं चित्र. आमचं घर बांधायला घेतलं होतं, त्याच्या मागच्या मोकळ्या जागेत पांढरे सोफे, मधोमध लाकडी टेबल, कडेनं कुंड्यांत लावलेले बांबू. ज्या बेळगावचं जुनं नाव वेणुग्राम, म्हणजे बांबूंचं गाव, तिथं बांबू कुंडीसकट विकत आणायचा! वर ठळक अक्षरांत शब्द होता, पॅटिओ. सासूबाईंनी तो 'पाटी' असा ऐकला आणि विचारलं, "पाटी कसली? वाळूची?"

पॅटिओ हा मूळचा स्पॅनिश शब्द. तिकडं त्याचा अर्थ घराच्या पोटातली, चारी बाजूंनी खोल्या असलेली उघडी जागा. म्हणजे आपल्या वाड्यातला चौकच. तो शब्द जगभर फिरून आमच्यापर्यंत आला तेव्हा त्याच्या भिंती गळून पडल्या होत्या आणि उरली होती घरामागची फरशी. आमच्या भाषेत त्याला काय म्हणायचं यावर अर्धा तास गेला. मागचं अंगण म्हणावं तर अंगण पुढं असतं. परडं म्हणावं तर परड्यात माती, शेवगा आणि कोंबड्या हव्यात. मेस्त्री कन्नडमध्ये 'हित्तल' म्हणाले. शेवटी घरात 'मागचं अंगण' हेच रुळलं. लेक मात्र अजून पॅटिओच म्हणते.

आमची साईट (आमच्याकडं प्लॉटला हेच म्हणतात) ४० बाय ६० फूट. वडगाव संपून येळ्ळूरची वाट लागते तिथं. कालपरवापर्यंत तिथं भाताचं शिवार होतं, बासमतीचं. घराचं तोंड पूर्वेला. पुढं १० फूट सोडले, घर ३२ फूट लांब आणि २८ फूट रुंद, उत्तरेला गाडीसाठी ८ फूट, दक्षिणेला ४. मागं पश्चिमेला १८ फूट उरले, आणि तेही साईटच्या पूर्ण ४० फूट रुंदीभर. म्हणजे ७२० चौरस फूट. गुंठ्याचे १०८९ चौरस फूट धरले तर गुंठ्याच्या तीन हिश्श्यांतले दोन हिस्से जागा नुसती 'मागं' म्हणून पडून होती. स्लॅबवर पाणी मारायचे दिवस संपेपर्यंत तिच्याकडं कुणाचं लक्षही नव्हतं. तिथं वाळूचा ढीग, सेंट्रिंगच्या फळ्या आणि कामावरच्या माणसांची तीन दगडांची चूल होती.

मतं मात्र प्रत्येकाची तयार. यांचं म्हणणं, सगळ्याला फरशी घालून टाकू, चिखलाची कटकट नको. लेकीचं म्हणणं २० बाय १८. माझ्या डोक्यात माहेरचं अंगण होतं आणि त्याला आकडा नव्हता, ते नुसतं 'मोठ्ठं' होतं. सासूबाईंचा प्रश्न वर सांगितलाच. मेस्त्री एवढा वेळ गप्प होते. ते कन्नड बोलणारे, पण बेळगावातल्या कामांवर पंचवीस वर्षं काढल्यामुळं मराठीसुद्धा ओळंबा लावून बोलतात. त्यांनी एकच विचारलं, "नीर यल्ली होगतैत्री?"

पाणी कुठं जातंय.

पाण्याचा प्रश्न आमच्या जिल्ह्यात कुठल्याही मापाच्या आधी येतो, पण जिल्ह्याच्या कुठल्या टोकाला उभं राहून तो विचारता त्यावर उत्तर बदलतं. पश्चिमेला खानापूर तालुक्यात, मलप्रभा उगम पावते त्या कणकुंबीच्या बाजूला, पाऊस नुसता ओततो. तिथं चार महिने अंगण हे अंगण नसतंच, तो एक वाहता पाट असतो. म्हणून तिकडच्या घरांची कौलं उतरती आणि पागोळ्या खाली, माणसाला वाकून आत जावं लागतं, आणि अंगण आखूड. बेळगाव शहरात वर्षाला पन्नास इंचांच्या आसपास. पुढं ईशान्येला अथणीकडं गेलात तर वीस इंचांच्या आसपास येता. तिथं धाब्याची घरं, उन्हाळ्यात माणसं माळवदावर झोपतात आणि अंगणात वर्षातले दहा महिने संसार मांडता येतो. एकाच जिल्ह्यात, एकाच कलेक्टरच्या हद्दीत, अंगणाची ही दोन मापं. बेंगळूरहून आलेल्या चित्रात पाऊस नव्हताच.

मेस्त्रींनी हिशेब जमिनीवर काडीनं मांडला. आकडे मी नंतर वहीत पक्के केले. ७२० चौरस फूट फरशीवर एक इंच पाऊस पडला तर १७०० लिटर पाणी जमतं. हजार लिटरच्या पावणेदोन टाक्या. एक इंच म्हणजे आमच्याकडं जुलैतली एक जोराची दुपार. हे पाणी माती पिते तेव्हा दिसत नाही, फरशीवर पडलं की ते कुणाच्या तरी दारात जातं. आमच्या बाबतीत ते एक तर स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला लागणार, नाही तर मागच्या शेतकऱ्याच्या बांधाला. फरशीला ढाळ द्यायचा तर फुटाला पाव इंच. १२ फुटांना तीन इंच. १८ फुटांना साडेचार. साडेचार इंच म्हणजे भिंतीकडची खुर्ची आणि कडेची खुर्ची यांत पायरीभराचा फरक. टेबलावरचं लिंबू एका बाजूला घरंगळत जाईल, असं ते म्हणाले. लिंबाचं उदाहरण त्यांना कसं सुचलं कोण जाणे, पण यांना तेवढं पटलं.

दुसरी गोष्ट काळी माती. भाताला चांगली तेवढीच बांधकामाला वाईट. पावसात फुगते, उन्हात आखडते. फेब्रुवारीत मी मागं उभी राहिले तेव्हा भेगांत माझी चप्पल अडकत होती. अशा मातीवर थेट फरशी टाकली की पहिल्या वर्षी छान, दुसऱ्या वर्षी मधे बशी. आमच्या ओळखीच्या एका घरी हे झालेलं मी पाहिलंय. पूर्ण परसाला फरशी आणि दोन पावसाळ्यांनी बरोबर मध्यावर पाणी तुंबलेलं, त्यात डास. 'नाचता येईना अंगण वाकडं' म्हणतात, पण त्यांचं अंगण खरोखरच वाकडं होतं. म्हणून काळी माती दोन फूट काढायची, मुरूम भरायचा, सहा-सहा इंचांचे थर करून पाणी मारायचं आणि धुम्मसानं ठोकायचं. १२ बाय १४ च्या जागेला हा मुरूम सव्वातीन ब्रासच्या वर लागतो (ब्रास म्हणजे शंभर घनफूट). सगळ्या ७२० फुटांना जवळजवळ साडेचौदा. ठोकल्यावर बसतो तो वेगळा. तेव्हा फरशीचा दर विचारून माणूस अंगणाचं माप ठरवत असेल तर तो फसतो. खरा खर्च खाली, न दिसणाऱ्या जागी असतो, आणि तो प्रत्येक वाढीव फुटाला लागतो.

"हासिगे इद्दष्टु कालु चाचु," मेस्त्री म्हणाले. हे म्हणाले, "अंथरूण पाहून पाय पसरावेत, तेच ना?" "तेच की वो," मेस्त्री म्हणाले. दोन भाषांतल्या भांडणांवर आमच्याकडं किती तरी बोललं जातं, पण काटकसरीच्या बाबतीत दोन्ही भाषा शब्दाला शब्द एकमेकींची उसनवारी करतात.

मला मात्र एवढ्यानं समाधान नव्हतं. माहेरचं अंगण डोक्यातून जाईना. एका रविवारी मी टेप घेऊन जांबोटीच्या वाटेवरल्या आमच्या गावी गेले. भाऊ हसला. वहिनीनं टेपचं दुसरं टोक धरलं. तुळशीपासून रस्त्यापर्यंत १३ फूट, गोठ्याच्या भिंतीपासून शेजारच्या हद्दीपर्यंत १६. मी दोनदा मोजलं. ज्या अंगणात आम्ही आट्यापाट्या खेळलो, जिथं आत्याच्या लग्नात पंगती उठल्या, जिथं सुगीत भाताच्या उडव्या रचल्या, ते २०८ चौरस फुटांचं होतं?

कोडं वहिनीनं सोडवलं. "तुम्ही हद्दीपर्यंत कशाला मोजताय?" खरंच होतं. तेव्हा हद्द होती कुठं? आमचं, काकांचं आणि पलीकडच्या घरचं अशी तीन अंगणं एकाला एक लागून होती. मधे जांभ्याचा गुडघाभर गडगा, तोही बसायला. आट्यापाट्यांचा डाव तिन्ही अंगणांत मिळून व्हायचा. पंगत आमच्या दारात सुरू व्हायची आणि तिसऱ्या घराच्या पायरीशी संपायची. तिन्ही घरच्या बायका पहाटे आपापलं लोटायच्या, सडा घालायच्या आणि रांगोळीच्या रेघा एकमेकींच्या हद्दीत जायच्या. प्रत्येकीला लोटायला तेरा-सोळा आणि सगळ्यांना वापरायला पन्नास. आता काकांच्या मुलानं सहा फुटांची भिंत घातलीय. त्याचं काही चुकलं असं नाही, त्याच्याकडं दोन गाड्या आहेत.

तिथून परतताना बसमध्ये मला दोन गोष्टी कळल्यासारख्या वाटल्या. एक, डोळ्यांना लागणारी मोकळी जागा आणि पायांना लागणारी जागा या वेगळ्या. दुसरी, डोळ्यांसाठी फरशी वाढवायची गरज नाही, भिंत उतरवली की पुरते. खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून पावणेचार-चार फुटांवर असतात. आमच्या मागच्या कंपाउंडची भिंत आराखड्यात पाच फूट होती. म्हणजे बसलो की समोर सिमेंट. ती साडेतीन फुटांवर थांबवली आणि वर जाळी घातली तर बसल्या जागी मागचं भाताचं शेत आणि डावीकडं कोपऱ्यात राजहंसगड. तेवढं फुकट होतं. फुकट म्हणजे उलट दीड फूट वीट वाचली, जाळीत गेली.

आता पायांचं माप. हे कागदावर ठरत नाही, एवढं मी ठामपणे सांगेन. मेस्त्रींकडून फक्की मागून घेतली आणि मागच्या मातीवर सुतळी धरून पांढरे चौकोन मारले. पहिला २० बाय १८, लेकीचा. त्याच्या आत १६ बाय १४. त्याच्या आत १२ बाय १४. सगळ्यात आत १० बाय १०, जो मला वाटलं होतं की सासूबाईंना आवडेल. आणि भाड्याच्या घरातून सामान आणून आठ दिवस आम्ही त्या चौकोनांत संध्याकाळ काढली. रस्त्यावरून जाणारे थांबून बघायचे. एकानं विचारलं, "खो-खोचं मैदान करताय काय वो?"

पहिल्या संध्याकाळीच १० बाय १० गेला. आमचं जेवणाचं टेबल ५ बाय ३. नुसतं टेबल बघितलं तर चौकोनात पोरकं दिसतं. पण खुर्ची मागं सरकवून माणूस उठला की टेबलाच्या कडेपासून अडीच-तीन फूट लागतात, आणि मागून कुणी भाजीचं पातेलं घेऊन जाणार असेल तर पूर्ण तीन. दोन्ही बाजू धरून ११ बाय ९ झाले. दहाच्या चौकोनात बसून हे उठले तेव्हा खुर्चीचा मागचा पाय फक्कीबाहेर, काळ्या मातीत. उद्या तिथं फरशीची कड असती तर हे उताणे पडले असते.

२० बाय १८ चं दुखणं उलटं. तिथं टेबल मधे ठेवलं तर ते एस्टी स्टँडवरच्या बाकासारखं वाटायचं. भिंतीला लावलं तर बाकीचा चौकोन परका. बोलणाऱ्यांचा आवाज चढायचा. एकमेकांपासून आठ फुटांवर बसलं की माणूस गप्पा मारत नाही, भाषण करतो. मला शाळेतली तीस वर्षांची सवय असल्यामुळं मला चाललं असतं, पण सासूबाईंना कानाला कमी ऐकू येतं. त्यांनी तिसऱ्याच मिनिटाला आपली खुर्ची उचलून स्वयंपाकघराच्या दाराशी आणली, आणि मग हळूहळू आम्ही सगळेच दाराशी सरकलो. आठही दिवस हेच झालं. चौकोन कितीही मोठा असो, माणसं दारापासून दहा-बारा फुटांच्या पुढं जाईनात. चहा तिथून येतो, उजेड तिथून येतो, फोन वाजला तर तिथंच वाजतो.

उन्हाचाही हात होता. घर पूर्वेला, अंगण पश्चिमेला. मार्चच्या सुमाराला सकाळी नऊ वाजता घराची सावली मागच्या भिंतीपर्यंत पोचते, साडेदहाला ती आठ-नऊ फुटांवर येते, दुपारी बारानंतर काही उरत नाही. मग संध्याकाळपर्यंत फरशी तापणार. बेळगावला कौतुकानं गरिबांचं महाबळेश्वर म्हणतात, पण एप्रिलातल्या दुपारी तीनला पश्चिमेच्या शहाबादी फरशीवर अनवाणी उभं राहून ते म्हणून दाखवावं. बाहेरच्या बाजूची फरशी वर्षातले तीन महिने तव्यासारखी आणि चार महिने शेवाळ धरून निसरडी. माती दोन्ही वेळा बरी. तिथं लिंबू लावता येतं.

मग वाळवण. हा विषय मी काढला, कारण पॅटिओच्या चित्रात कुणीच कुरडया वाळत घातल्या नव्हत्या. नऊवारी लुगडं नऊ वार, म्हणजे सत्तावीस फूट. दुहेरी केलं की साडेतेरा. रुंदी सुमारे चार फूट. १२ बाय १४ च्या चौकोनात तीन लुगडी दुहेरी अंथरली की तो बरोबर भरतो, पाय ठेवायला जागा राहत नाही. एकावर कुरडया, एकावर सांडगे, एकावर संकेश्वरी मिरची. हा योगायोग मला फारच आवडला. कुठल्या तरी जुन्या बाईनं हे माप ठरवून ठेवलं असावं अशी शंका येते. सासूबाई म्हणाल्या, "चौथं लुगडं गच्चीवर टाक." गच्ची आहे हे आम्ही सगळे विसरलो होतो.

पंगतीचंही माप घेतलं. माणसामागं दोन फूट रुंदी. पाट आणि पुढं पान मिळून साडेतीन फूट. दोन ओळी समोरासमोर आणि मधे वाढणारीला तीन फूट. दहा फुटांत बसतं. १४ फूट लांबीत एका ओळीला सात, दोन्हीकडं मिळून चौदा पानं. हे म्हणाले, आपल्याकडं तुळशीच्या लग्नाला तीस माणसं येतात. येतात. वर्षातून एकदा. वर्षातून एका रात्रीसाठी बाकीच्या ३६४ सकाळी लोटायच्या का, हा सासूबाईंचा मूळ प्रश्न पुन्हा समोर आला, आणि या वेळी आम्ही तो टाळला नाही.

कारण अंगणाचं माप घेणारा आणि अंगण लोटणारा ही घरात सहसा वेगवेगळी माणसं असतात. पाहुणे किती येतील, गाडी कशी वळेल, लोक काय म्हणतील हे बघून पुरुष आकडा काढतो. ज्या बाईच्या हातात पहाटे खराटा येतो तिला कुणी विचारत नाही. सासूबाईंचं माहेर आणि सासर दोन्ही मातीच्या अंगणाचं. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना सांगितलं गेलं होतं, "आपलं अंगण तीन बादल्यांचं." फूट नाही, हात नाही, बादल्या. शेणकाल्याच्या तीन बादल्या सड्याला लागतात एवढं मोठं. ते माप त्यांच्या कमरेत बसलेलं आहे. त्यात त्यांनी चाळीस वर्षं काढली आणि वयाच्या ८२ व्या वर्षी त्या जे बोलतात ते कमरेनं बोलतात.

शेवटच्या संध्याकाळी त्यांनी खराटा मागितला. मी नको म्हटलं, पण त्या ऐकणाऱ्यातल्या नाहीत. काठी माझ्याकडं दिली आणि १२ बाय १४ चा चौकोन त्यांनी स्वतः लोटला, दाराकडून बाहेर, उताराच्या दिशेनं, मधे एकदा दम खाऊन. मग मला बादलीनं पाणी शिंपडायला लावलं. दीड बादली लागली. त्याच हिशेबानं सगळ्या ७२० फुटांना सहा-साडेसहा लागल्या असत्या. "दीड बरी," त्या म्हणाल्या, आणि खाली बसल्या.

मेस्त्रींनाही हेच माप हवं होतं, पण त्यांचं कारण वेगळं. शहाबादी फरशी दोन बाय दोनची येते. १२ म्हणजे सहा, १४ म्हणजे सात, एकूण ४२ फरश्या, एकही कापावी लागत नाही. १३ बाय १५ केलं असतं तर दोन कडांना कापलेल्या पट्ट्या आल्या असत्या, आणि कापलेली फरशी कडेलाच आधी हलते. दोनच्या पाढ्यात राहा, बाई, ते म्हणाले. शाळेत हे मी मुलांना सांगायचे.

मार्चमध्ये काम झालं. १४ फूट भिंतीला लागून, १२ फूट बाहेर, ढाळ तीन इंच, कडेला जांभ्याच्या चिऱ्यांची एक ओळ आणि तिच्यापुढं माती. पाणी चिऱ्यांच्या फटींतून मातीत जातं, तिथून जास्तीचं गाडीच्या बाजूच्या गटारीला. दाराच्या आणि टेबलाच्या मधे तीन फुटांची मोकळी वाट सासूबाईंच्या काठीसाठी. त्या तिथं रोज फेऱ्या मारतात आणि पावलं मोजतात. धुण्याचा दगड फरशीच्या बाहेर, मातीत. झोपाळ्याचा हट्ट मी सोडला. पुढं-मागं तीन-चार फूट झुलायला सोडल्यावर टेबल राहत नाही, आणि टेबलावर आम्ही तिघंही रोज बसतो. त्याची चुटपुट आहे, खोटं कशाला बोलू? लेक मे महिन्यात आली, उभी राहून पाहिलं, फोटो काढला, आणि फोटोत फक्त फरशी, टेबल आणि मागचं शेत येईल असा बेत साधला. तिच्या मैत्रिणींना तो खूप मोठा पॅटिओ वाटला म्हणे.

पहिल्या पावसात मी खिडकीतून बघत होते. पाणी बरोबर चिऱ्यांकडं गेलं. मेस्त्रींना फोन केला तर म्हणाले, जुलै जाऊ दे, मग सांगा. जुलै गेला. एका कोपऱ्यातली फरशी किंचित हलते, तिच्यावर पाय पडला की 'टक्' वाजतं. सासूबाई म्हणतात, राहू दे, कुणी आलं की कळतंय.

कार्तिकात तुळशीचं लग्न झालं. माणसं तीस नाही, चौतीस आली. पहिली पंगत चौदाची बसली, बाकीचे जाळीला टेकून, मातीवर, गाडीच्या बाजूला उभे. निपाणीचे धाकटे दीर पहिल्या पंगतीत मावले नाहीत. ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "वहिनी, जरा मोठं करायचं होतं की वो. जागा तर आहे मागं."

सासूबाईंनी कोपऱ्यातला खराटा उचलून त्यांच्यापुढं धरला. "घे. आत्ता नको. उद्या पहाटे साडेपाचला."

दिरांनी खराटा घेतला, निमूट भिंतीला टेकवून ठेवला आणि दुसरी पंगत बसायची वाट न बघता मिरचीच्या वाफ्याशेजारी मांडी घालून मातीवरच जेवले. पुरी दोनदा मागून घेतली. उठताना त्यांच्या पांढऱ्या पँटीला मागून काळी माती लागली होती. तो डाग अजून निघालेला नाही, असं जाऊबाई फोनवर सांगतात.